फुगलेल्या झाकणाची बरणी

बाबांनी किमचीची बरणी नष्ट केली तेव्हा मी ऑफिसात होतो. 'नष्ट केली' हे शब्द त्यांचेच. फेकली, ओतली, टाकून दिली असं ते म्हणत नाहीत. उभी हयात त्यांनी अन्न निरीक्षक म्हणून काढली आणि अन्न निरीक्षक माल नष्ट करतो, तोही पंचांसमोर. पंच म्हणून त्यांनी माझ्या बायकोला उभं केलं. ती शाळेतून नुकतीच आली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती, आणि तिची समजूत अशी की गळका नळ दाखवायला बोलावताहेत. तिच्या डोळ्यांदेखत बरणी मोरीत उलटी झाली. त्याच फेरीत फ्रिजमध्ये दुधाच्या मागे मी लपवलेला कालचा भातही पकडला गेला.

बायकोनं कळवलं तसा मी बाबांना फोन केला.

"झाकण फुगलं होतं," बाबा म्हणाले.

"बाबा, ते फुगतंच. फुगायलाच पाहिजे."

"असं प्रत्येक दुकानदार म्हणतो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे का मंजूर होऊ शकत नाहीत हे त्यांना सभ्य भाषेत कळवणं हे माझं काम. दिवसभर लोक माझ्याशी ज्या आवाजात बोलतात तो आवाज त्या संध्याकाळी मला माझ्याच घशातून ऐकू आला.

बरणीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. तर त्या बरणीवर बाबांचं घरी राहणं अवलंबून होतं.

झालं होतं असं की बाबांना एक ताप येऊन गेला. ताप उतरला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं लांब आणि सरळ, पण त्याला वास येईना. आणि ते नाक म्हणजे काही साधंसुधं नाक नव्हतं. दुधात पाणी आहे की पाण्यात दूध, तुपात काय कालवलंय, मासा आज सकाळचा की कालचा, हे बाबा दुकानाच्या पायरीवरून सांगत. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर यायचा आणि बहुतेक वेळा बाबांच्या नाकाशी सहमत व्हायचा. बाजारात त्यांना बघून लोक शटर अर्धं ओढून घेत. घरातही तोच कायदा. एका जेवणाचं अन्न दुसऱ्या जेवणाला दिसता कामा नये, आंबलेलं काही उंबऱ्याच्या आत येता कामा नये, आणि भात मोजूनमापून असा लावायचा की शेवटचं शीत शेवटच्या घासाबरोबर संपलं पाहिजे. आमच्या लहानपणी आईनं कधी अंदाज चुकवला तर उरलेला भात मी आणि ताईनं उभ्याउभ्या संपवायचा, म्हणजे गुन्ह्याचा पुरावा राहायचा नाही.

वास गेला हे बाबांनी मान्य मात्र केलं नाही. त्यांच्या मते बिघाड जगात झाला होता. कॉफी हल्ली नुसती रंगाची येते. आंबे औषधं मारून पिकवतात. सूप घेतलं की म्हणत, हे गरम पाणी आहे, यात दोष तुमचा नाही, भाज्याच तशा येतात. हळूहळू त्यांनी जेवणच सोडलं. ताटावर बसत, दोन घास चिवडत आणि साऱ्या मालाला नापास करून उठत. शर्ट अंगावर हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं तर दाखल करून नळीनं अन्न द्यावं लागेल. नळी कुठून घालतात असं मी विचारलं. नाकातून, ते म्हणाले. हे बाबांना कसं सांगायचं या विचारात मी असताना दाराआडून बाबांचा आवाज आला, मी ऐकलंय.

त्यानंतर घरात त्या नळीचं नाव कुणी काढलं नाही. पण आम्ही तिघं जेवायला बसलो की ती चौथं माणूस असल्यासारखी समोर असायची.

अशात ती नर्स आली. इंजेक्शनं द्यायला रोज दुपारी यायची, तरुण, हसरी, आजोबा आजोबा करणारी. एकदा तिला उशीर झाला म्हणून तिनं डबा आमच्याकडेच उघडला. लाल भात, वर तळलेलं अंडं. बाबांनी सवयीनं विचारलं, काय आहे. किमची, म्हणजे कोरियन पद्धतीनं आंबवलेला तिखट कोबी, घालून परतलेला भात, ती म्हणाली, हॉस्टेलमध्ये एक मैत्रीण करायची, तिच्याकडून शिकले. बाबांनी नमुना म्हणून एक चमचा मागितला. मग दुसरा. मग, बायको सांगते, नर्स उरलेली दुपार उपाशी राहिली.

"काहीतरी लागतंय," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

डॉक्टरांना विचारलं तर त्यांना नवल वाटलं नाही. वास गेला तरी जिभेला आंबट, खारट कळतं, तिखट झोंबतं, दाताखाली कुरकुरीत काय ते समजतं. म्हणून द्या तेच. नर्स तर गावाला निघाली होती लग्नासाठी. जाताना तिनं आपली किमचीची बरणी आमच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि कृती सांगितली. कृतीत प्रमाण असं एकही नव्हतं. किमची थोडीशी, तेल जरासं, वास सुटला की भात घालायचा, मग झालंच. फक्त दोन गोष्टींवर तिनं बोट ठेवलं: किमची चांगली आंबलेली हवी आणि भात शिळा हवा.

हे ऐकून मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. जगात हजारो पदार्थ आहेत. त्यांतला जो एकुलता एक बाबांच्या घशाखाली उतरत होता, तो त्यांनी जन्मभर जप्त केलेल्या मालापासूनच बनत होता.

पहिल्या दिवशी मी कायद्यात राहून बघितलं. ताजा भात लावला आणि वाफाळताच तव्यावर घातला. त्याची खळ झाली. तिनं पुस्तकं चिकटवता आली असती. बाबांनी चमचा उभा करून बघितला, तो उभा राहिला, आणि त्यांनी तो तसाच ठेवला. त्यांना मी काय सांगणार, की भात पुरेसा शिळा नव्हता? म्हणून दुसऱ्या दिवशी दुधामागे भात लपवला. त्याचं काय झालं ते सांगितलंच आहे.

नर्स परत यायला अवकाश होता, तपासणीला नव्हता. बायको म्हणाली, आपणच घालू किमची. ती रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला मीठ लावायचं म्हटलं की तिला हुरूप येतो. सुट्टीच्या दिवशी बाबा दुपारचे झोपले तसं आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. लांबट कोबी आणला, उभा चिरला, पानापानात मीठ भरलं. तो मऊ पडेपर्यंत वाट बघितली. तिखट, लसूण, आलं, माशांचा सॉस यांचं वाटण केलं. दुसऱ्या शहरातून ताई व्हिडिओवर देखरेख करत होती. तिनं आयुष्यात किमची केली नव्हती, पण थोरली असल्यामुळे तिला ती येत होती. पानांना वाटण चोळून झालं, मी त्याच हातानं डोळा पुसला, आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिलो तेव्हा फोनमधून ताई शांतपणे म्हणाली, "अरे, हातमोजे घालायचे असतात."

"हे आधी सांगायला तुझं काय जात होतं?"

"मला वाटलं तेवढं कळत असेल तुला. बाबा कुठेत?"

बाबा झोपलेत हे सांगताना मला कुजबुजावं लागलं. वयाची पन्नाशी गाठलेला माणूस स्वतःच्या घरात कोबी लपवून बसला होता.

आता ठेवायची कुठे? फ्रिजची बाबा रोज सकाळी तपासणी करत. जेवण सुटलं होतं, तपासणी सुटली नव्हती. माळ्यावर चढताना मला कुणी बघितलं असतं तर वीस प्रश्न आले असते. बाल्कनी त्यांच्या खुर्चीसमोर. शेवटी बायकोनं उत्तर काढलं: त्यांच्या पलंगाखाली. तपासणी अधिकारी स्वतःच्या टेबलाखाली कधी बघत नाही, ती म्हणाली. बाईनं इतकी वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्यात, तिला कळतं.

किमची आंबायला लागली. ती आंबताना बरणीत हवा धरते, त्यामुळे रोज झाकण जरा सैल करून तिला श्वास घेऊ द्यावा लागतो. मी रोज ऑफिसला निघण्यापूर्वी बाबांच्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसायचो, अर्धा पलंगाखाली शिरायचो, झाकण फिरवायचो, फुस्स व्हायचं, मी खोकायचो. वर बाबा पेपर वाचत असायचे.

"काय शोधतोस?"

"चप्पल."

"तुझी चप्पल माझ्या पलंगाखाली रोज कशी येते?" एवढं विचारून ते पुन्हा पेपरात गेले. मुलगा वेडा आहे हा निष्कर्ष त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी काढला होता, नव्या पुराव्याची त्यांना गरज नव्हती.

खरी पंचाईत वासाची झाली. लसूण, आंबलेला कोबी आणि मासे, तिन्ही एकत्र नांदायला लागले की काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. आधी खोली गेली, मग हॉल गेला, मग मला ऑफिसात माझ्या शर्टाला वास येऊ लागला आणि समोरचे दावेदार लवकर उठू लागले. बायको दिवसभर खिडक्या उघड्या टाकायची. घरात एकच माणूस असा होता की ज्याला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि तो त्या बरणीवर झोपत होता. रोज सकाळी मऊ उशीवरून उठून म्हणायचा, हवा आज स्वच्छ वाटतेय.

मग एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी आले. दारातच त्यांनी खिशातला रुमाल काढला. जिन्यात काही दिवसांपासून दुर्गंधी येतेय, तिन्ही मजल्यांवरून तक्रारी आहेत, ड्रेनेजची लाइन तुमच्याच न्हाणीघराखालून जाते, तर जरा बघू का, असं ते बोलले. मी काही म्हणायच्या आत बाबा खुर्चीतून उठले. हडकलेले होते, पण उठले ते जुन्या दिवसांत उठायचे तसे. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता. त्यांनी सेक्रेटरींना बसवलं, तक्रार केव्हापासून, वाऱ्याची दिशा कोणती, उन्हात वाढते का, सगळं विचारलं. मग घरभर फिरले. न्हाणीघर, मोरी, गॅलरी. प्रत्येक ठिकाणी थांबून मान किंचित वर करून नाकानं हवा ओढली. आम्ही तिघं मागे. शेवटी ते स्वतःच्या खोलीत गेले, पलंगाशी उभे राहिले, एक दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला.

"इथे कसलाही वास नाही. मी लिहून देतो."

सेक्रेटरींनी रुमाल नाकावर घट्ट दाबला होता. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग बाबांकडे. सभ्य माणूस. "साहेब, तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच," ते रुमालातून म्हणाले आणि जवळजवळ पळत जिना उतरले.

बाबा तिथेच उभे राहिले. त्यांची नजर त्या रुमालामागे दारापर्यंत गेली आणि परत आली ती माझ्यावर. मी नकळत तोंडानं श्वास घेत होतो. बायकोनं ओढणी नाकापाशी धरली होती, ती तिनं घाईनं खाली सोडली. खोटं बोलणारा दुकानदार ओळखायला त्यांना नाक लागत नसे.

ते पलंगावर बसले. 

"खूप येतोय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"आठवडा होईल."

"मला काहीच येत नाही," बाबा म्हणाले. हे ते कुणाला सांगतील असं मला वाटलं नव्हतं. मला तर नाहीच. मी काहीतरी धीराचं बोलणार होतो, पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मला सहानुभूतीची एकच वाक्यरचना येते आणि ती 'आम्हाला कळवण्यास खेद वाटतो' अशी सुरू होते. 

"कुठून येतोय?"

"तुम्ही बसलाय त्याच्या खालून."

मी पलंगाखाली शिरलो आणि बरणी काढून त्यांच्यासमोर ठेवली. झाकण घुमटासारखं वर आलं होतं. आत बुडबुडे चढत होते. मला वाटलं, संपलं. आता पंचनामा, मग मोरी, मग दवाखाना. आणि माझा संयम सुटला. मी म्हणालो, बाबा, टाकायची तर टाका, पण आज मी पंच म्हणून उभा राहणार नाही. डोळा जाता जाता वाचलाय माझा हिच्यापायी. ऑफिसात माझ्याशेजारी कुणी बसत नाही. तुम्ही जेवत नाही आणि जे जेवाल ते जेवण्यालायक ठेवत नाही, मग आम्ही करायचं काय? नळी घालायची? तेवढं सांगा, मी गाडी काढतो.

नळीचा शब्द बाहेर पडला तशी बायकोनं माझ्या दंडाला चिमटा काढला. उशीर झाला होता.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते झाकणाकडे बघत होते. अंगठ्यानं त्यांनी ते दाबून पाहिलं. मग बरणी माझ्याकडे सरकवली.

"उघड. वास घे."

मी उघडली आणि मागे झालो.

"पळू नकोस. काय येतंय ते सांग."

"घाण येतेय, बाबा."

"घाण हा वास नाही, ते मत आहे. आंबट आहे का?"

"आहे."

"दुधासारखं नासलेलं, की व्हिनेगरसारखं स्वच्छ?"

मी पुन्हा वास घेतला. व्हिनेगरसारखं, पण त्याहून मऊ. मागे लसूण. त्याच्या मागे मासे. बाबांनी विचारलं, कुजलेल्या मांसाचा वास आहे का, ओल्या पोत्याचा आहे का, वर बुरशी दिसते का, पानं बुळबुळीत झालीत का. मी हात घालून पान काढलं, मोडून दाखवलं, त्याचा कट असा आवाज झाला. त्या आवाजाला त्यांनी मान हलवली. मी चुकीचा शब्द वापरला की ते थांबवायचे. 'उग्र' म्हणजे काय, झोंबतं की भरून येतं? तासाभरात मी माझ्या सगळ्या आयुष्यात घेतला नव्हता इतका वास घेतला. साक्षीदाराची उलटतपासणी घेतात तशी त्यांनी माझ्या नाकाची घेतली.

"माल ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "भात?"

भात फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात होता, कारण थंडीनं दात ठणकतात म्हणून आइस्क्रीमला ते हात लावत नाहीत. मी कबूल केलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की शिजवल्यावर लगेच पसरून गार केला होता की पातेल्यात तसाच ठेवला होता. पसरून, बायको म्हणाली. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की या घरात निदान एक तरी माणूस शिकलेला आहे.

मी तवा ठेवला. बाबांनी खुर्ची ओढून ती गॅसपासून हातभर अंतरावर मांडली. किमची चिरून तेलात घातली, ती आधी रडली, पाणी सोडलं, मग पाणी आटलं आणि कडा तपकिरी व्हायला लागल्या. आता काय येतंय, त्यांनी विचारलं. आंबटपणा मागे गेला, मी म्हणालो, भाजल्याचा पुढे आलाय. गोडसर? हो, जरा गोडसर. मग घाल भात. भाताचे गोळे मोडून मी तो दाबला आणि हलवायला गेलो तर ते म्हणाले, थांब, तडतड ऐकू येऊ दे. खाली खरपूस धरलं तेव्हा उलथनं घातलं. बरणीतलं लाल पाणी वरून सोडलं. बायकोनं शेजारच्या शेगडीवर अंडी तळली. धुरानं आम्ही दोघं शिंकत होतो, बाबा मजेत बसले होते.

तीन ताटल्या वाढल्या. बाबांनी पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. आम्ही बघतोय असं दाखवायचं नव्हतं, म्हणून मी आणि बायको दोघंही मिठाच्या भांड्याकडे बघत होतो.

"लागतंय," ते म्हणाले. आणि मग, चमचा भरून वर धरून, "हा घास सांग."

"काय सांगू?"

"वास. मी खातो, तू सांग."

मी वाकून त्यांच्या चमच्याचा वास घेतला आणि सांगितलं. त्यांनी खाल्लं. पुढचा चमचा वर आला. अंड्याच्या बलकाचा वेगळा येतो का? येतो, जरा लोण्यासारखा. खरपुडीचा? भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हणजे अगदी तसा नाही. मग कसा, नीट सांग. मी सांगत गेलो. घशाला कोरड पडली. बायको आपलं जेवण संपवून हात धुऊन आली तरी आमचं चालूच होतं, आणि पाणी द्यावं असं तिच्या मनात आलं नाही, ती दाराला टेकून ऐकत उभी होती. बाबांची ताटली साफ झाली.

मी माझा चमचा उचलला. माझा भात केव्हाच गार होऊन बसला होता. त्यांनी माझ्या ताटलीकडे बघितलं, हात लांब केला आणि ती आपल्यापुढे ओढली.

"बाबा, ते माझं आहे."

"तू बोलत राहा," बाबा म्हणाले.